फ्लेक्सवरची जागा

मुंबईवरच्या हल्ल्यात गेलेल्या पोलिसांना सव्वीस नोव्हेंबरला श्रद्धांजली वाहायची, म्हणून आमच्या मंडळाच्या फ्लेक्सचा मजकूर मी लिहिला आणि सवयीने खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून आम्हा सात जणांची नावं टाकली. श्रीरामपुरातल्या फ्लेक्सवाल्याने तो शब्द खोडला, पण हसला नाही. तो सहसा हसतच नाही. चष्मा कपाळावर, टायपिंग एका बोटाने, आणि वाढदिवस असो की दशक्रिया, गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच: “फोटो किती?”

“सात,” मी म्हणालो. माझा तर नव्या जाकिटातला होता.

त्याने सातही चेहरे बसवले. शहिदांची नावं उरलेल्या पट्टीत मुंग्यांसारखी दिसू लागली.

“सर, जरा दारात जाऊन वाचा बरं.”

दारातून मला फक्त माझं जाकीट दिसलं.

“आता सांगा, तुमाला ठेवायचं का त्यांना?”

“अध्यक्ष चिडतील हो.”

“फ्लेक्सवाल्यानं चूक केली म्हना. लई झालं तर माज्याकडं पाठवा.”

त्याने आमचे फोटो एकेक करून काढले आणि शहिदांची नावं मोठी केली. मग कोपऱ्यातला स्वतःच्या दुकानाचा मोबाईल नंबरही पुसला. त्या नंबरावरच त्याला पुढची कामं मिळतात.

अध्यक्ष चिडलेच. चूक माझी आहे, असं मी सांगितलं. ते सगळ्यांना लगेच पटलं.

संध्याकाळी बायको बाजारातून आली. पिशवी ठेवत म्हणाली, “चौकात उभी राहून सगळी नावं वाचली. मला त्यातली दोनच माहीत होती. तुम्हाला किती होती हो?”