पाच मोजेपर्यंत

मानेसरजवळच्या एका स्टोअर डेपोवर माझं पोस्टिंग होतं. मी हवालदार, ड्यूटी रोस्टर माझ्या हातात. सकाळी सहाला पीटी, आठला फॉल-इन. मधल्या चहाच्या वेळी, पावणेसातला, नाईक गजानन इंगळे कार्डांचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर हजर.

इंगळे बुलढाण्याचा. वय पंचवीस, नुकतंच लग्न झालेलं. जवानांतून अधिकारी होण्याची परीक्षा तो देणार होता आणि इंग्रजीनं त्याची झोप उडवली होती. रेशनच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यानं कार्डं केली होती. पुढे अवघड इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ. रोज दहा शब्द मी विचारायचे. पाच मोजेपर्यंत अर्थ आला नाही, तर जादा ड्यूटी. अट त्यानंच घातली होती. भीतीशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणायचा.

माझं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद. त्याच्यामुळे चार शब्द मीही शिकलो. फ्रूगल म्हणजे काटकसरी, गॅरुलस म्हणजे बडबड्या. लंगरच्या स्वयंपाक्याला आम्ही गॅरुलसच म्हणायचो. मजा यायची. पण खोटं कशाला बोलू, आतून मी जळत होतो. चौदा वर्षं घासून मी हवालदार, आणि हा उद्या साहेब होणार. मी त्याला सॅल्यूट ठोकणार.

मे महिना होता. त्या सकाळी नऊ शब्द बरोबर आले. दहावा टेनेशस. मी मोजायला लागलो आणि मुद्दाम भरभर मोजलं. त्यानं तोंड उघडलं होतं.

"टाइम अप," मी म्हणालो. "आज फायर पिकेट."

"येस, उस्ताद."

तो हसला आणि गेला. मी रोस्टरवर आगीच्या पहाऱ्यासमोर दुसऱ्याचं नाव खोडून त्याचं लिहिलं.

दुपारी दोन वीसला ताडपत्र्यांच्या शेडला आग लागली. मी कंट्रोल रूममध्ये होतो. वायरलेस सेटवर इंगळेचा आवाज आला.

"एक आदमी अंदर है. मैं जा रहा हूँ. ओव्हर."

"रुको. फायर टेंडर आ रहा है. ओव्हर."

उत्तर आलं नाही. आतल्या जवानाला त्यानं बाहेर ढकललं. तो वाचला. दोन सत्तावीसला छपराचे पत्रे खाली आले. इंगळे आतच होता.

मी त्याच्या पार्थिवासोबत त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोनं, सुनीतावहिनींनी एकच विचारलं, उद्या दुपारी मोकळा आहे, अभ्यास करणार, असं ते आदल्या रात्री फोनवर म्हणाले होते, मग ड्यूटी होती का? मी म्हणालो, होती. इन्क्वायरीतही तेच सांगितलं. कागदावर त्याचं नाव होतंच. आग मी लावली नव्हती, असं मनाला कितीदा बजावलं. मन ऐकत नाही.

सुभेदार होऊन रिटायर झालो. आता मयूर विहारला मुलाकडे असतो. टेनेशसचं ते कार्ड अजून माझ्या पाकिटात आहे. वहिनी दरवर्षी त्याच्या दिवसाला फोन करतात. तुम्ही त्यांना शिकवत होतात, म्हणून माझे आभार मानतात. तेच सहन होत नाही. यंदा मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी ड्यूटी त्याची नव्हती. मी जळून लावली. शब्द त्याला येत होता."

फोन त्यांनी ठेवला नाही.

"कोणता शब्द, भाऊजी?"

मी शब्द सांगितला. कार्डाच्या मागे त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'चिवट. धरलेलं न सोडणारा.' ते वाचून दाखवायला मला पाच मोजण्याहून कितीतरी जास्त वेळ लागला.