मिलिमीटरने बसवलेला दस्ता

गल्लीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. पाठीमागे बायकोसुद्धा. एक दार बसवायला तीन दिवस लावणाऱ्या सुताराला लोक दुसरं काय म्हणणार? दारांच्या कारखान्यातून त्याला काढलं, तेही काम बिघडवलं म्हणून नाही. चौकटीत केस जाईल एवढी फट दिसली म्हणून या बाबाने अख्खं काम थांबवलं होतं.

बायकोच्या भावाचं तयार फर्निचरचं दुकान होतं. "दाजी, सोमवारी सकाळी येतो, हो की नाही सांगा," तो म्हणाला. "काम म्हणजे काय, खोका उघडायचा, भुशाच्या फळ्या काढायच्या, स्क्रू पिळायचे. डोकं घरी ठेवून आलात तरी चालेल."

मिलिमीटरला त्यापेक्षा हात कापून दिलेले परवडले असते. पण बायकोने सांगून टाकलं, सोमवारपर्यंत दुसरं काम दाखवा, नाहीतर जा त्याच्याकडे.

तेवढ्यात कॅप्टन आला. हा कॅप्टन एरवी चष्म्याच्या दुकानात काचा पुसतो आणि रविवारी बंद पडलेल्या गिरणीत मित्रांबरोबर लढाई खेळतो. बंदुका दिसायला अगदी खऱ्या, गोळ्या प्लास्टिकच्या, मिऱ्याएवढ्या. पंच नसतो. गोळी लागली की ज्याने त्याने हात वर करायचा, "लागली" म्हणायचं आणि गुपचूप बाहेर जायचं.

कॅप्टनला बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, प्लास्टिकचा काढून लाकडाचा हवा होता. "जमला तर अख्खी टीम तुमच्याकडे आणतो."

मिलिमीटर कामाला भिडला. मोडक्या कपाटातलं अक्रोडाचं लाकूड काढलं, बंदूक बॅटरीवर चालते म्हणून तिच्यासाठी आतून कोरलं, कॅप्टनला पाच वेळा बोलावलं. खांदा मापला, हात मापला, मान मापली. गाल तर असा मापला की न्हाव्याने शिकून घ्यावं. गाल टेकला की डोळा थेट नळीच्या टोकावर.

"लग्नात माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं नव्हतंत," बायको म्हणाली.

"तुला तासायची सोय नव्हती."

रविवारी संध्याकाळी कॅप्टन धुळीने माखून आला, मागे टीममधले पाच जण.

"दस्ता देखणा आहे हो," तो म्हणाला. "पण खेळताना तोंडावर मास्क असतो ना. डोळे आणि दात वाचायला नकोत का? मास्क घातला की गाल टेकतच नाही. डोळा दोन बोटं वर राहतो. पहिल्याच मिनिटाला बाहेर."

बायकोने मिलिमीटरला कोपराने ढोसलं. "यांनी सांगितलंच नव्हतं मास्कचं," ती पुटपुटली. खोटं नव्हतं ते. फोटोत चेहरा दिसावा म्हणून मास्क काढणारा माणूस मापाला कशाला तो घेऊन येतोय? कॅप्टन खाली बघत होता. टीम मिलिमीटरकडे बघत होती. आता हा काय बोलतो त्यावर सोमवार ठरणार होता.

मिलिमीटरने हात वर केला.

"लागली," तो म्हणाला. "विचारायचं काम माझं होतं. गालापाशी लाकूड उतरवून देतो."

मग पाचातला एक जण कॅप्टनला म्हणाला, "बघ, असं म्हणायचं असतं. तुला वर्षभर गोळ्या लागतायत आणि तुझा हात कधी वर आला नाही." दुसऱ्याने स्वतःची बंदूक बाकावर ठेवली. "काका, माझाही बनवा."

"उद्या सकाळी मास्क घालून या," मिलिमीटर म्हणाला. "सगळे."

सोमवारी मेव्हणा ठरल्याप्रमाणे आला. दार उघडंच होतं. आत भिंतीला टेकून सहा जण ओळीने उभे, तोंडं झाकलेली, हातात बंदुका. कुणी हूं की चूं करत नव्हतं, कारण मिलिमीटरने हलायचं नाही म्हणून दम दिला होता. तो पहिल्याच्या गालाशी खडूने रेघ मारत होता.

"ये ना," बहीण आतून म्हणाली. "तुझंच काय ते राहिलंय."

मेव्हण्याने दोन्ही हात वर केले आणि उलट्या पावली बाहेर गेला.

मिलिमीटरने खडू न उचलताच विचारलं, "याला कुठे लागली?"