हत्तींना वळायला लागणारा वेळ

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या सायबर कॅफेतून चौघं जण रविवारी सांगलीच्या पोरांशी खेळायला जाणार होते. तिघं ठरले होते. चौथी जागा मला हवी होती.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉम्प्युटरवरच्या त्या लढाईत धान्य-लाकूड गोळा करायचं, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याच्या किल्ल्यावरचं निशाण उतरवायचं. सैन्य निवडताना आमच्याकडचा प्रत्येक जण हत्तीच घेई. मोठं ते भारी! मी मात्र महिनाभर सगळ्यांच्या पाठीमागं उभी राहून वही भरली होती. भालेवाले: स्वस्त, खिंडीत हत्ती अडवतात. घोडेस्वार: नाजूक, पण वेगवान. हत्ती: मागं वळून किल्ल्यावर परतायला पाऊण मिनिट. हे घड्याळ लावून मोजलेलं.

चौथ्या जागेचा दुसरा दावेदार हुपरीचा होता. घरी चांदीच्या पैंजणांचं काम, सकाळच्या एसटीनं यायचा, आणि हत्तींशिवाय बोलायचा नाही.

"ताई, हितं टायपिंग शिकवत न्हाईत," तो म्हणाला. सगळे खिदळले.

"बस की गुमान. हरलास तर हुपरीपर्यंत चालत जा," मी म्हणाले. जिंकेल त्याला चौथी जागा, असं ठरलं होतं.

आमच्यात एक रिवाज होता. चाल करण्याआधी तालमीतल्यासारखं "आलो!" असं ओरडून सांगायचं. गुपचूप येणारा भित्रा ठरे.

"आलो गंऽऽ!" तो गरजला. वीस हत्ती निघाले. मी चाळीस भालेवाले खिंडीत दाटीनं उभे केले. पहिली रांग चिरडली गेली, दुसरी गेली, तिसरी टिकली! तोवर माझे बारा घोडेस्वार डोंगराच्या मागनं त्याच्या किल्ल्याजवळ पोचले होते. गप्प राहिले असते तर त्याला कळलंही नसतं. पण तशी मिळालेली जागा कुणी मानली नसती.

मी खुर्चीवरून उठून ओरडले, "आलो रेऽऽ!"

"कुठं? कुठं?" त्यानं नकाशा फिरवला. "आयला! फिरा की मागं, फिरा!"

हत्ती वळू लागले. सगळा कॅफे माझ्या मागं गोळा झाला होता. पाच घोडे पडले, सात आत घुसले. त्याचे हत्ती अर्ध्या वाटेवर असतानाच निशाण खाली आलं.

गलका थांबेना. तो मात्र खुर्ची ओढत माझ्याशेजारी येऊन बसला.

"वही दाव," तो म्हणाला. "सांगलीवाले काय घेत्यात, ते लिवलंयस का?"

मी नवं पान उघडलं. सगळ्यात वर चौघांची नावं लिहिली. चौथं माझं.