राहिलेली प्लेट

मिस्त्री स्वभावाने पहिल्यापासून वाईट. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे उगाच त्याची कीव येते. धाकट्या भावाला त्याने गॅरेजचं काम शिकवलं ते बोटांवर पान्हा मारून. भावाची चूक होताना दिसली तरी बोलायचा नाही. ती पुरती होऊ द्यायचा आणि मग गिऱ्हाइकासमोर त्याची अब्रू काढायचा. म्हणायचा, असं शिकलेलं पक्कं बसतं.

आता गॅरेज धाकट्याच्या जिवावर चालत होतं. मिस्त्रीच्या हातात जोर होता, पण कशानंतर काय करायचं याचा गोंधळ व्हायला लागला होता. त्या सकाळी धाकट्याने तोंडावर सांगितलं, "दादा, वकिलांची जीप तू एकट्याने कर. जमलं तर राहा. नाही जमलं तर उद्यापासून घरी बस."

जीप जुनी, डोंगरात रगडलेली. मागच्या चाकाचं बेअरिंग घरघरत होतं आणि तेल अडवणारं सील फाटून तेल थेट ब्रेकवर उतरलं होतं. मिस्त्रीने ड्रम उतरवला, ॲक्सल ओढून काढला, जुनं बेअरिंग कापून टाकलं. हात झकास चालत होता. आता ॲक्सलवर आधी बेअरिंगला जागेवर धरून ठेवणारी प्लेट ओवायची, मग सील, मग नवं बेअरिंग प्रेसखाली दाबायचं. ते एकदा बसलं की मागून काही घालता येत नाही, कापूनच काढावं लागतं.

मिस्त्रीने सील ओवलं, बेअरिंग चढवलं आणि प्रेसचा दांडा धरला. प्लेट बाकावरच राहिली. जीपपाशी थांबलेल्या वकिलांनी ती पाहिली, बोलायला तोंडही उघडलं. मिस्त्रीच्या पाठीमागून धाकट्याने ओठांवर बोट ठेवलं.

बेअरिंग गच्च बसलं.

"घ्या. आता दहा वर्षं बघायला नको," मिस्त्री ऐटीत म्हणाला.

धाकट्याने प्लेट बोटात अडकवून गरागरा फिरवली. "आणि ही कुठे घालतोस, दादा? गळ्यात?"

वकील खो खो हसले. मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुला दिसत होती. मग बोलला का नाहीस?"

"तू कधी बोलला होतास?"

धाकट्याने ग्राइंडर सुरू केला. "धर ॲक्सल. नुसत्या हातांनी धरवत नसेल तर गुडघ्यांत दाब."

मिस्त्रीने गुडघ्यांत दाबला. मनगटावर ठिणग्या उडत होत्या, पण त्याने धरलेलं सोडलं नाही. बेअरिंग निघालं. दुसरं आणून धाकट्याने सगळी जुळणी स्वतः केली, शीळ घालत. मिस्त्री तिथेच उभा होता.

"उभा काय राहिलास? घरी जा," धाकटा मान वर न करता म्हणाला. "आणि वहिनीला सांग, उद्यापासून दोन डबे नकोत, एकच भर."