ड्रममधला युरिया

चाकणच्या कंपनीत माणसं दिवसभर गाड्या जोडतात आणि घरी येऊन बायकांना सुधारतात. आमचे हे त्यातलेच. लाइनवर सुपरवायझर, त्यामुळे कुठलीही गोष्ट तिच्या वेळेने झालेली त्यांना बघवत नाही. कुकर लवकर कसा उतरावा यावरही त्यांचं मला कायझेन, म्हणजे कंपनीतलं ते सुधारणाशास्त्र, शिकवून झालंय.

थेरगावच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझा खताचा ड्रम होता. भाजीची देठं, चहाचा चोथा, त्यात सोडलेली गांडुळं, वर सुक्या पानांचा थर. वास नाही, चिलटं नाहीत. तरी कमिटीला तो खुपायचा. ठेवायचा की काढायचा, ते रविवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. माझ्या कुंड्यांतल्या वांगी-मिरच्या त्याच्याच खतावर वाढायच्या. आणि खरं सांगते, त्या घरात माझ्या मनाप्रमाणे चाललेली तेवढी एकच गोष्ट होती.

"तयार खत हातात ठेवलं की सगळ्यांची बोलती बंद," हे म्हणाले.

"अजून महिनाभर तरी लागेल."

"महिना? अगं, सायकल टाइम कमी करू की!"

आणि आपल्या मावळातल्या भावाकडून पिशवीभर युरिया घेऊन आले.

"अहो, नुसता सुका पाला असेल तर चिमूटभर चालतो. हा ओला कचरा आहे, वास सुटेल. नका घालू."

"शेतकऱ्याच्या पोराला तू खत शिकवणार?"

या शेतकऱ्याच्या पोराला बुटाला चिखल लागला तरी कसंतरी होतं. शनिवारी मी भाजीला गेले, तेवढ्यात त्यांनी अख्खी पिशवी ओतली, वर बादलीभर पाणी. कमी घालणं म्हणजे बहुतेक कमीपणाच वाटला असणार.

मीटिंग गच्चीवरच होती. अध्यक्षांनी, म्हणजे मूळच्या थेरगावच्याच काकांनी, झाकण उचललं आणि सगळे नाक दाबत मागे सरले. तुंबलेल्या मुतारीसारखा भपकारा. आत माझी गांडुळं पांढरी पडून मेली होती. मला रडूच आलं.

"वैनी, काय घातलंय ह्यात? डोळं चुरचुरत्यात की!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. चहात साखर किती असावी यावरही भाषण देणारा माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. 'मी घातलं' एवढे दोन शब्द पुरले असते.

"ड्रम काढायचा का? हात वर करा," काका म्हणाले.

सगळ्यात आधी वर गेला तो ह्यांचा हात.