आपल्याला फक्त आपलीच गोष्ट सांगता येते

शिवलकर बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलेही नव्हते.

त्या वर्षी गणपतीला मी मुंबईहून गावी आलो आणि परत गेलो नाही. गणपती गेले, चाकरमान्यांच्या गाड्या गेल्या आणि मी पालीजवळच्या आमच्या घरात मागे राहिलो. सुरुवातीला शेजारी विचारत, "काय रे महेश, रजा वाढवलीस?" पुढे विचारेनासे झाले आणि ते जास्त लागले. बारावी नापास मुलाला एका गोदामात काम मिळाले होते, ते त्याला टिकवता आले नाही, एवढेच घडले होते. पण मी दिवसाउजेडी अंगणात येईनासा झालो. झोपेच्या गोळ्या मागायला डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी गोळ्यांऐवजी रत्नागिरीतला बाईंचा पत्ता दिला.

विजया शिवलकर बाईंनी अनेक वर्षे शाळेत शिकवले, मग समुपदेशनाचे रीतसर शिक्षण घेतले आणि एका दुकानावरच्या दोन खोल्यांत आपले संवाद केंद्र सुरू केले. अडलेल्या, गोंधळलेल्या माणसाशी बोलून त्याला त्याचा मार्ग शोधायला मदत करणे हे तिथले काम. आज बाईंची एकसष्टी होत असताना या गौरवग्रंथात मोठमोठ्या जाणकारांनी त्यांच्या कार्याविषयी लिहिले आहे. त्या नावांच्या रांगेत माझे नाव पाहताना मला संकोच वाटतो. मी तिथे फोन घेतो, भेटीच्या वेळा लावतो आणि बाईंनी मला एक छोटे प्रशिक्षण घ्यायला लावल्यापासून गावी परतलेल्या तरुणांशी थोडेफार बोलतो. पण त्या जिन्याने मी पहिल्यांदा चढलो तो मदतनीस म्हणून नव्हे.

बाई कोणाला समोर बसवत नाहीत. समोरासमोर बसले की माणसाला तोंडी परीक्षा वाटते, असे त्या म्हणतात. सज्जात एक लांब बाक आहे, त्यावर दोघांनी शेजारी बसायचे आणि खालचा रस्ता बघायचा. आमच्याकडे नव्या माणसाला पहिला प्रश्न असतो, "कुठला रे तू? कोणाचा?" बाईंनी तो विचारला नाही. "पंखा लावू का, की एवढा वारा पुरे आहे तुम्हाला?" असे विचारले. मला 'तुम्ही' म्हणणारे ते पहिले मोठे माणूस. मी "पुरे" म्हणालो. त्या दिवशी मी बोललेला तो एकच शब्द. निघताना बाई म्हणाल्या, "पुन्हा यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मी वाट बघेन, पण बोलावणं पाठवणार नाही."

मी पुन्हा गेलो. पुढे एकदा कंटाळून म्हणालो, "बाई, मी काय करू ते सरळ सांगून टाका ना."

"सांगितलं आणि फसलं, तर मला शिव्या घालाल. सांगितलं आणि जमलं, तर पुढच्या वेळीही मलाच विचाराल. दोन्हीकडून तुमचंच नुकसान." मग त्यांनी विचारले, "मुंबईला जायचं नाही, हे तुमचं ठरलंय. घरी कोणाला सांगितलंत?"

"कोणाला नाही."

"सांगायला सगळ्यांत सोपं कोण?"

"आमची म्हैस," मी म्हणालो.

बाई मोठ्याने हसल्या. "चालेल, सुरुवात तिथूनही चालेल. पण ती उलट बोलत नाही म्हणून सोपी. उलट बोलणाऱ्यांत सोपं कोण?"

आई. त्या संध्याकाळी आई चुलीपाशी असताना मी तिला सांगितले. ती मागे न वळता म्हणाली, "अरे मेल्या, बॅग माळ्यावर टाकलीस तेव्हाच समजले मी. एवढे दिवस तुझ्या तोंडाकडे बघत होते, कधी बोलतोस म्हणून." बाईंनी मला उपाय दिला नव्हता, फक्त प्रश्न एवढा लहान करून दिला होता की तो माझ्या हातात मावला.

बाईंचा स्वभाव कळावा म्हणून आणखी एक सांगतो. मी स्वतंत्रपणे ज्यांच्याशी बोललो ते पहिले गृहस्थ पुन्हा आलेच नाहीत. मी दोन दिवस जेवलो नाही. बाईंनी मला बाकावर बसवले आणि म्हणाल्या, "माझंही पहिलं माणूस परत आलं नव्हतं. मी त्यांना पहिल्याच भेटीत तीन उपाय सांगितले होते. तुम्ही किती सांगितलेत?" मी म्हणालो, "चार." "मग माझ्यापेक्षा हुशार आहात," असे म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या.

गौरव समितीच्या चिटणीसांनी मला लेख मागितला तेव्हा बजावले होते, "किस्से हवेत, किस्से! बाईंमुळे कोणाचं आयुष्य कसं बदललं, ते येऊ द्या. नावं बदला की झालं." मी तीन प्रसंग लिहिले. नावे बदलली, गावे बदलली, शुद्धलेखन दोनदा तपासले आणि बाईंना दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचून परत दिले.

"फार चांगलं लिहिलंयत. पण आपल्याकडे नाव बदलून माणूस लपतो का हो? जहाजावरून परत आलेला, दोन मुली, घरापुढे हापूसची चार कलमं, एवढं वाचलं की कोणीही सांगेल, हा अमुक वाडीतला तमुक. त्यांनी मला विश्वासाने सांगितलं, ते माझ्या सत्कारात वाटायला नव्हे."

"मग मी लिहू काय?"

"ते मी कसं सांगू? आपल्याला फक्त आपलीच गोष्ट सांगता येते. आणि तीही सांगायलाच हवी असं नाही. कोरा कागद दिलात तरी मला राग यायचा नाही."

ते तीन प्रसंग मी चुलीत घातले. उरला तो मी एकटा. आणि नेमके तेच मला नको होते. मी बाईंकडे जायचो तेव्हा आई वाडीत सांगायची, "कॉम्प्युटरच्या क्लासला जातो." अजूनही वाडीत तोच समज आहे, आणि आता मी रत्नागिरीत कुठल्याशा ऑफिसात कामाला जातो एवढेच तिथे ठाऊक आहे. सध्या दापोलीच्या एका स्थळाशी माझ्या लग्नाचे बोलणे चालू आहे. आई म्हणाली, "हे पुस्तक घरोघर जायचं. दापोलीवाल्यांनी वाचलं तर? मुलगा कुठेतरी बोलायला जायचा म्हटलं की लोक डोकंच फिरलेलं धरतात." तिचे चुकत नव्हते. मला स्वतःलाही हे लिहिताना लाज वाटते, वर लिहिलेले प्रत्येक वाक्य मी एकदा खोडले आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो हे आपण बसथांब्यावर मोठ्याने सांगतो. हे मात्र कुजबुजूनही सांगवत नाही.

बाईंना आपली ही लाज ठाऊक आहे. म्हणूनच त्या रस्त्यात केंद्रावर येणाऱ्या कोणाला आधी ओळख देत नाहीत. त्याच्याबरोबर असलेल्या कोणी "यांची ओळख कुठली?" असे विचारले तर त्याने काय उत्तर द्यायचे, असे त्यांचे म्हणणे. तासन्‌तास ज्याचे ऐकले, त्याच्या शेजारून त्या बाजारात मान खाली घालून जातात. रत्नागिरीत पुष्कळ लोक त्यांना शिष्ट समजतात, आणि त्या समजू देतात.

परवा मी मामांबरोबर मासळी बाजारात होतो. मामा बांगड्यांचा भाव करत होते आणि समोरून बाई आल्या. नेहमीसारखी त्यांनी नजर खाली वळवली. तरी मी हाक मारली, "बाई!"

त्या थांबल्या. आधी त्यांनी मामांकडे पाहिले, मग माझ्याकडे. नक्की ना, एवढेच त्या नजरेत होते.

"मामा, या शिवलकर बाई. मुंबई सोडली तेव्हा मी यांच्याकडे बोलायला जायचो. यांच्यामुळे मी सावरलो."

मामांच्या हातात पिशवी तशीच राहिली. "आणि क्लास?"

"क्लास नव्हताच."

मामा बाईंकडे वळून, आवाज उतरवून म्हणाले, "बाई, मोठी माणसंपण येतात का हो तुमच्याकडे?"

"येतात ना," बाई म्हणाल्या, आणि पत्ता न सांगता बांगडे ताजे आहेत का ते बघू लागल्या.

त्याच रात्री मी हा लेख पुरा केला. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हशीचं काढ." बाकी काही काढायला सांगितले नाही. म्हशीचे मी राहू दिले आहे. दापोलीचा निरोप अजून आलेला नाही. हा ग्रंथ त्यांच्या हाती पडण्याआधी मी स्वतः तिकडे जाऊन सांगणार आहे. ते काय म्हणतील, मला माहीत नाही.

बाईंना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. गुडघ्यांनी साथ द्यावी आणि तो जिना त्यांनी अजून पुष्कळ वर्षे चढावा. त्यांच्या आयुष्यातली पुढची वर्षे अशी जावोत की रत्नागिरीच्या बाजारातून चालताना त्यांना कोणासाठीही मान खाली घालावी लागू नये. ते मात्र बाईंच्या हातात नाही, आम्हा त्यांच्याकडे जाऊन आलेल्या माणसांच्या हातात आहे.