समोरच्या गॅलरीतला फ्रॉक

समोरच्या नव्या इमारतीत आज सकाळी एका गॅलरीत दोरी बांधलेली दिसली, आणि तिच्यावर एक इवलासा पिवळा फ्रॉक वाळत होता. चहाचा कप हातात धरून मी बघतच राहिले. कालपर्यंत ती नुसती इमारत होती. आज तिथे कुणाचं तरी घर होतं.

शहराच्या या टोकाला आम्ही राहायला आलो तेव्हा रस्ता आमच्या फाटकापाशीच संपायचा आणि पुढे ज्वारीचं रान असायचं. मुलं खूश होती, पण सासूबाईंचं मन काही लागेना. इथलं पाणी जड, इथली भाजी जून, इथे दहीसुद्धा धड लागत नाही, म्हणायच्या. सामानाच्या गडबडीत विरजण जुन्या घरीच राहिलं होतं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वाटीत थोडं दही दिलं. त्याचंच दही आमच्याकडे अजून रोज लागतं.

दुपारी बेल वाजली. दारात एक तरुण बाई उभी होती आणि तिच्या कडेवर तो पिवळा फ्रॉक! अजून जरा दमटच असावा. बाकीचे कपडे खोक्यांत असणार.

"सकाळी तुम्ही गॅलरीत दिसलात, म्हणून आले. थोडं विरजण मिळेल का?"

मी वळायच्या आत सासूबाई वाटी काठोकाठ भरून घेऊन आल्या.

"आणि काकू, इथलं पाणी कसं आहे हो?"

"पाणी?" सासूबाई म्हणाल्या, "अगं, आत ये आणि पिऊन तर बघ. असं गोड पाणी गावात शोधून सापडायचं नाही!"